मुनेश्वर टाइम

पंजाबराव मुनेश्वर बाभुळगावच्या एका जिनिंग मिलमध्ये ग्रेडर होते. शेतकऱ्याची कापसाची गाडी फाटकातून आत आली की तिच्यात हात घालायचा आणि माल कोणत्या प्रतीचा ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. ऐकायला हे सोपं वाटतं. पण ती कापसाची वाईट वर्षं होती. यवतमाळ जिल्हा तेव्हा टीव्हीवर दिसायचा तो कापसामुळे, आणि चांगल्या कारणानं कधीच नाही. अशा दिवसांत पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर 'दोन नंबर' म्हणायला छाती लागते. पंजाबरावांना ती होती. थोडी जास्तच होती, असं त्यांच्या बायकोचं मत होतं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गाडीच्या वरचा कापूस ते बघायचेच नाहीत, कारण वर सगळेच चांगला माल लावतात. बाही खांद्यापर्यंत सारून हात थेट मधोमध खुपसायचा, पोटातून मूठभर कापूस ओढून काढायचा, दोन अंगठ्यांत धरून धागा ताणायचा, गालाला लावून ओल पाहायची. हे चाललेलं असताना गाडीवाल्याशी बोलायचं नाही. त्याचा चहा तर मुळीच घ्यायचा नाही. मग चिठ्ठी लिहायची, आणि एकदा लिहिली की लिहिली. बावीस वर्षांत त्यांनी एकही चिठ्ठी फाडून दुसरी लिहिली नव्हती, आणि ही गोष्ट ते लोकांना वरचेवर ऐकवायचे.

"साहेब, पहिल्या वेच्याचा माल आहे. ओल नाही त्याच्यात," लालसिंग राठोड एकदा त्यांच्या मागेमागे फिरत सांगत होता. पंजाबरावांनी न ऐकल्यासारखं करून चिठ्ठी पुढे केली. लालसिंगानं ती वाचली, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "साहेब, एक विचारू? घरी जेवाले बसता तवा भाकरीतबी कोपरापर्यंत हात घालून पाहता काय?"

सगळं आवार हसलं. पंजाबराव हसले नाहीत, कारण लालसिंग फारसं चुकीचं बोलला नव्हता. बाजारात ते वांगी टोपलीच्या तळातून काढायचे. मिठाईच्या दुकानात बर्फीचा मधला तुकडा मागायचे. पुतणीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाला भेटायच्या आधी ते त्याच्या ऑफिसातल्या शिपायाला भेटून आले होते. घरात या सवयीचं कौतुक होतं असं नाही, पण सगळ्यांनी ती सांभाळून घेतली होती.

रुपाली ही त्यांची एकुलती एक मुलगी. यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिथल्याच मुलींच्या होस्टेलवर राहायची. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या तिनं विषय काढला.

"बाबा, मले लॅपटॉप लागते."

पंजाबरावांनी चकलीचा तुकडा ताटात ठेवला. "काहून लागते?"

"लॅबात कॉम्प्युटर भेटत नाही. अन् प्रोजेक्ट सुरू झाला आमचा."

"बाकीचे कसे करतात?"

"ज्याच्यापाशी आहे तो करते. नाही तो बसते रांगेत."

पैशाची अडचण होती असं नव्हतं. सत्यशीलाबाईंची भिशी नुकतीच लागली होती आणि ती रक्कम अजून कपाटातच होती. सत्यशीलाबाई अंगणवाडीत सेविका होत्या. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची वजनं करायच्या आणि संध्याकाळी नवऱ्याला जमिनीवर आणायच्या. त्या म्हणाल्या, "पोट्टी मागून राह्यली तर देऊन टाका ना. कधी काही मागतलं काय तिनं?"

"देऊन टाका? न पाहता?" पंजाबरावांना खरंच धक्का बसला होता. "मी पाहीन. लागत असन तर भेटन. नसन लागत तर नाही भेटनार."

"आता काय मले गालाले लावून पाहता?" रुपाली म्हणाली. तिला हसू आलं होतं, पण आणखी काहीतरी बोलायचं होतं आणि ते तिनं गिळलं. पंजाबरावांना ते दिसलं. गाडीवालेही असंच काहीतरी गिळतात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं, म्हणून त्यांचा संशय उलट वाढला.

पंधरा दिवसांनी जिनिंगचं मशीन बिघडलं आणि दोन दिवस खरेदी बंद राहिली. पंजाबरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सकाळची यवतमाळची बस पकडली. मुलीला कळवलं नाही. माल तपासायला जाताना कोणी आधी निरोप पाठवतो काय?

कॉलेजच्या आवारात एका मोठ्या कडुनिंबाखाली पार होता आणि पारावर पाच पोरं मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. पंजाबराव चपलेचा अंगठा नीट करायला बसल्यासारखे त्यांच्या पाठीमागे जाऊन टेकले. पहिल्याच्या लॅपटॉपवर सिनेमा चालू होता. दुसऱ्याच्याही तोच सिनेमा होता, फक्त पुढचा भाग. तिसरा पत्ते खेळत होता, तेही एकटाच. चौथा कोणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत होता आणि नवरीच्या करवलीपाशी बराच वेळ थांबत होता. पाचव्याचं मशीन बंद होतं. त्यानं ते उलटं धरून त्यावर समोसा ठेवला होता.

पंजाबरावांना मनातून बरं वाटलं. त्यांना जे वाटलं होतं तेच निघालं होतं.

तिथून ते विचारत विचारत कॉम्प्युटर लॅबपाशी गेले. दुपारचा एक वाजत होता. दाराशी तारिक नावाचा अटेंडंट डबा उघडून बसला होता. आत पंखे फिरत होते, वीस कॉम्प्युटर रांगेनं मांडलेले होते आणि त्यांच्यासमोर एक माणूस नव्हता.

"कोणाले भेटाचं, काकाजी?" तारिकनं विचारलं.

"कोणाले नाही. पाहून राह्यलो. हे सारे चालू आहेत?"

"एकदम चालू. कालच साफ केले."

"मग रिकामे काहून?"

"दोपहर को रिकामेच राहतात," तारिक म्हणाला आणि त्यानं भाजीत पोळी बुडवली.

पंजाबरावांना आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. वीस चालू मशीन आणि समोर रिकाम्या खुर्च्या. त्यांनी रुपालीला फोन लावून कॅन्टीनमध्ये बोलावलं. ती धावतच आली. बाप अचानक आलेला पाहून आधी घाबरली, मग खूश झाली, आणि काउंटरवर जाऊन दोन चहा घेऊन आली.

पंजाबरावांनी कप हातानं बाजूला सारला.

रुपाली कपाकडे पाहत राहिली. बापाचा नियम तिला लहानपणापासून पाठ होता. "बाबा, मी गाडीवाली आहे काय?"

"तसं नाही. पण निकाल लागाचा आहे ना."

"मग लावून टाका."

"लॅबात कॉम्प्युटर भेटत नाही म्हनत होती तू. मी आत्ता पाहून आलो. वीसच्या वीस रिकामे."

"तुम्ही दुपारी पाह्यलं, बाबा."

"मग? कॉम्प्युटर दुपारी वेगळा अन् संध्याकाळी वेगळा राहते काय?"

"ऐका ना, बाबा..."

"अन् लॅपटॉपवाले पोट्टे काय करून राह्यले तेही पाह्यलं. शिनेमे पाहून राह्यले. नाही लागत लॅपटॉप. झालं."

त्यांचा आवाज जिनिंगच्या आवारातला होता. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुलींनी वळून पाहिलं. वाद घालून या माणसापुढे आजवर कोणाचं भलं झालेलं नाही, हे रुपालीइतकं कोणाला माहीत असणार? तिनं स्वतःचा चहा संपवला, मग त्यांचाही प्यायली, आणि तासाची वेळ झाली म्हणून निघून गेली. जाताना तिनं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर रुपालीचे फोन आईला यायला लागले. आधी ती बाबांशीही बोलायची. कापूस किती आला, कोण भांडलं, विचारायची. आता फोन वाजला की पंजाबराव कान टवकारून बसायचे आणि सत्यशीलाबाई "हो, जेवले ते. बरे आहेत," असं म्हणून फोन ठेवून द्यायच्या. दोन आठवडे हे चाललं. पंजाबरावांना त्याचा त्रास होत होता. पण त्रास होतो म्हणून चिठ्ठी बदलायची, तर मग रोज वीस चिठ्ठ्या बदलाव्या लागल्या असत्या.

डिसेंबरातल्या एका सकाळी ते घाईनं निघत नव्हते म्हणून सत्यशीलाबाईंनी विचारलं, "आज काहून बसून राह्यले? खरेदी नाही काय?"

"आहे. पण दव लय पडलं. अकराशिवाय हात नाही लावत मी गाडीले."

"काहून?"

"काहून म्हंजे? सकाळी पाह्यला तर ओला वाटते. तोच कापूस दुपारी कोरडा. वेळ पाहून पाहा लागते माल."

सत्यशीलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं. "मग पोट्टीची लॅब किती वाजता पाह्यली तुम्ही?"

पंजाबरावांनी सारलेली बाही पुन्हा खाली ओढली.

"एकाच खेपेत पाहून आले ना? दुपारी एक वाजता? अन् पोट्टीले म्हने, कॉम्प्युटर दुपारी वेगळा अन् संध्याकाळी वेगळा राहते काय! ती रडली फोनवर. मी तुमाले सांगतलं नाही, कारण तुमाले सांगून काय होते?"

"काय म्हने ती?"

"ते मी नाही सांगत. गाडीवाल्याचं बोलणं तुम्ही ऐकता कुठं? जाऊन पाहा."

रडली, हा शब्द पंजाबरावांना दिवसभर पुरला. त्या दिवशी त्यांनी एका गाडीत दोनदा हात घातला आणि तरी प्रत ठरेना, तेव्हा आवारातले हमाल एकमेकांकडे पाहू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हंगामात पहिल्यांदाच सुट्टी टाकली.

या खेपेला ते लॅबपाशी पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. दाराबाहेर बाकापासून जिन्यापर्यंत पोरापोरींची रांग होती. आत वीसही कॉम्प्युटरांवर दोघं-दोघं बसली होती. तारिकनं त्यांना ओळखलं आणि आपलं स्टूल दिलं.

"काकाजी, फिर आले?"

"तू तर म्हनत होता रिकामे राहतात."

"दोपहर को राहतात ना. तवा माझी खाने की छुट्टी, अंदर कोणाले सोडत नाही. बाकी दिनभर प्रॅक्टिकल. पोट्ट्यांले मोकळी लॅब पाचनंतर आठपर्यंत. तुम्ही विचारलंच नाही." तारिकचं काही चुकलं नव्हतं. पंजाबरावांनी खरंच विचारलं नव्हतं.

त्यांना रुपाली रांगेत दिसली. हातात वही, गळ्यात दोरीला अडकवलेला पेन ड्राइव्ह. तिचं लक्ष नव्हतं. सहा वाजून पाच मिनिटांनी तिला खुर्ची मिळाली आणि ती अशी बसली की जणू गाडी सुटायला आली आहे. तिची बोटं इतकी भरभर चालत होती की पंजाबराव स्टुलावर थोडे पुढे सरकले. हे काम करताना त्यांनी मुलीला कधी पाहिलंच नव्हतं. भुवया आवळून, ओठ दाबून ती पडद्यावर काहीतरी शोधत होती आणि सापडलं की तिची मान किंचित हलायची. पंजाबरावांना ती मान ओळखीची वाटली. धागा नीट निघाला की त्यांचीही तशीच हलायची.

सव्वासहा वाजले. पलीकडच्या रांगेतली एक मुलगी उभी राहून ओरडली, "चला गं! मुनेश्वर टाइम!"

पंजाबराव दचकले. रुपालीला हाक मारली असेल असं त्यांना वाटलं. पण उठली ती एकटी रुपाली नव्हती. लॅबमधल्या सगळ्या मुली एकदम उठल्या. अर्धवट कामं बंद करत, पेन ड्राइव्ह ओढून काढत, ओढण्या सावरत त्या दारातून बाहेर पडल्या आणि अंधारात होस्टेलच्या दिशेनं पळत सुटल्या. रुपालीला खुर्ची मिळून दहा मिनिटं झाली होती. तिच्या जागी एक मुलगा येऊन आरामात बसला.

"हे काय झालं?" पंजाबरावांनी विचारलं.

"लडकियों का गेट साडेसहाले बंद होते. पोट्टे बसतात आठपर्यंत."

"अन् पोट्टींचं काम?"

"जिच्यापाशी लॅपटॉप आहे ती रूमवर करते. नाही ती..." तारिकनं हात हलवला.

पंजाबरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी खरं बोलत होती. सुरुवातीपासून खरं बोलत होती, आणि आपण चार लोकांत तिला खोटं पाडलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की ते चिडायचे, म्हणून ते चिडले. पोरांना आठपर्यंत लॅब आणि पोरींना साडेसहाला कुलूप, हा कुठला न्याय? ते तरातरा होस्टेलकडे निघाले. वाटेतच त्यांनी ठरवून टाकलं की उद्याच्या उद्या लॅपटॉप घ्यायचा, पण त्याआधी या गेटवाल्यांना जाब विचारायचा.

गेट बंद झालं होतं. रेक्टर वच्छलाबाई आतल्या टेबलाशी हजेरी घेत होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, आवाज न चढवणाऱ्या बाई.

"भेटीची वेळ संपली," त्या म्हणाल्या.

"भेटाले नाही आलो. विचाराले आलो." पंजाबरावांनी गजाला धरलं. "लॅब आठपर्यंत उघडी अन् पोट्टी साडेसहाले कुलपात. त्यायनं शिकावं कसं? फी तर सारखीच घेता ना तुम्ही? हे साडेसहाचं कोण्या शहाण्यानं ठरवलं?"

"आपलं नाव?"

"पंजाबराव मुनेश्वर. बाभुळगाव."

वच्छलाबाईंनी चष्मा काढला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा घातला. मग कपाटातून एक जाडजूड वही काढली, पानं उलटली, गेट उघडलं आणि वही त्यांच्यापुढे धरली.

दोन वर्षांपूर्वीच्या पालकसभेचा ठराव होता तो. गेटची वेळ तोवर रात्री आठची होती. सभेत एका पालकांनी उभं राहून सूचना मांडली की अंधार पडायच्या आत मुली आत असाव्यात, गेट साडेसहाला बंद करावं. सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. सूचक: श्री. पंजाबराव मुनेश्वर. शेजारी सही होती. ती त्यांचीच होती.

पंजाबरावांना सगळं आठवलं. रुपालीला होस्टेलवर सोडायला आले होते तो दिवस. मुलीला पहिल्यांदाच घराबाहेर ठेवून ते परत जाणार होते. सभेत प्राचार्यांनी विचारलं, पालकांच्या काही सूचना आहेत काय, आणि ते उठले होते. टाळ्या पडल्या तेव्हा त्यांना केवढा अभिमान वाटला होता. बाभुळगावला परत आल्यावर चार दिवस ते हीच गोष्ट सांगत होते. मग विसरून गेले. मुली मात्र त्यानंतर रोज संध्याकाळी पळत होत्या.

"मुनेश्वर टाइम," ते पुटपुटले.

"हो. पोरीच म्हणतात तसं. मी नाही ठेवलं नाव," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळे ते जास्तच लागलं.

हजेरीसाठी रुपालीला खाली बोलावणं गेलं. ती जिन्यावरून उतरली, बापाला पाहिलं, टेबलावरची उघडी वही पाहिली आणि तिथंच थांबली.

"तुले हे माहीत होतं?" पंजाबरावांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. साऱ्या होस्टेलले माहीत आहे. मी भेटली कोणाले की आधी विचारतात, तू त्याच मुनेश्वरांची काय?"

"मग मले सांगतलं काहून नाही? गेटचं सांगाचं सोडून लॅपटॉप कायले मागतला?"

रुपालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "लॅपटॉप मागणं सोपं वाटलं, बाबा. त्याले नाही म्हटलं तर नाही. पण तुम्ही चारचौघांत उभं राहून केलेली गोष्ट मागं घ्या, असं तुमाले कोण म्हनन? मी म्हनू?"

गेटच्या दिव्याभोवती किडे फिरत होते आणि वरच्या मजल्यावर चार-सहा मुली कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. आपल्या मुलीला आपल्याशी बोलण्यापेक्षा तीस हजारांची वस्तू मागणं सोपं वाटलं, हे त्यांच्या छातीत जाऊन बसलं.

"उद्या घेऊ आपण लॅपटॉप," ते शेवटी म्हणाले. "मी ठरवूनच आलो."

"नाही लागत."

"म्हंजे?"

"आठपर्यंत लॅब भेटली तर नाही लागत. दीपापाशी नाही, अतियापाशी नाही, अडतीस पोट्टींपाशी नाही. एकटीले घेऊन मी रूमवर बसू, अन् त्या पळत राहतीन मुनेश्वर टाइमले?" तिनं ओढणीचं टोक बोटावरून सोडवलं. "गेट पुन्हा आठचं करा म्हनून आमी अर्ज केला आहे मॅडमपाशी. पालकांच्या संमत्या पाहिजेत म्हने. सात आल्या. बाकीचे म्हनतात, मुनेश्वरांनी सही केली काय? त्यायनं केली तर आमीबी करतो."

वच्छलाबाईंनी संमतीचा एक छापील कागद टेबलावर ठेवला.

खरं सांगायचं तर लॅपटॉप देणं पंजाबरावांनाही सोपं गेलं असतं. भिशीचे पैसे काढायचे, दुकानात जायचं, खोकं हातात द्यायचं, आणि पोरगी साडेसहाला आत. हा कागद तसा नव्हता. गेटपासून लॅबपर्यंतचा रस्ता त्यांनी आत्ताच चालून पाहिला होता. मध्ये दोन दिवे बंद होते. रोज आठ वाजेपर्यंत बाभुळगावला बसून आपल्याला हाच रस्ता दिसणार, हे त्यांना समजत होतं. त्यांना भीती वाटली, आणि दोन वर्षांपूर्वी टाळ्या घेतल्या त्याही या भीतीच्याच होत्या, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

"ते मधले दोन दिवे लावून घ्या," ते वच्छलाबाईंना म्हणाले.

"अर्जात तेही आहे. दुसऱ्या नंबरला," रुपाली म्हणाली.

त्यांनी खिशातून पेन काढलं. कागदावर एक रकाना होता, 'कारण' म्हणून. मुलीच्या अभ्यासासाठी, असं लिहिलं तरी चाललं असतं. आधीच्या सात पालकांनी तेच लिहिलं होतं. पंजाबरावांनी सावकाश लिहिलं: 'साडेसहाची सूचना माझी होती. ती चुकीची होती.' आणि खाली सही केली.

वच्छलाबाईंनी वाचून कागद रुपालीकडे सरकवला. रुपालीनं तो दोनदा वाचला. मग नाक ओढलं, ओढणीनं डोळे पुसले आणि कागद पुन्हा बापापुढे ठेवला.

"नुसती सही नका करू, बाबा. ती कोणाले वाचता येत नाही. नाव लिहा पुरं. मोठ्या अक्षरात."

पंजाबरावांनी टेबलावर वाकून सहीखाली मोठ्या, सुट्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं. वरून कोणीतरी विचारलं, "काय लिहिलं गं?" आणि रुपाली कागद घेऊन जिना चढायला लागली.